मेव्हिस उजवीकडे बसते

बार्लिकमध्ये, आमच्या या छोट्या इंग्रजी गावात, नवा माणूस आला आणि त्यानं मेव्हिस हार्टलीला पहिल्यांदा रस्त्यावर पाहिलं, की तो हमखास घाबरतो. त्यात त्याचा काही दोष नाही. समोरून एक लांबरुंद हिरवी अमेरिकन गाडी गुरगुरत येते, आणि जिथं ड्रायव्हर असायला हवा तिथं, उजवीकडे, पांढऱ्या केसांची एक बाई आरामात चहा पीत बसलेली असते. समोर स्टिअरिंग नाही, हात मोकळे, आणि गाडी आपली पळतेय. स्किप्टनच्या चौकात एकदा एका कोवळ्या पोलिसानं तिला असं स्वेटर विणताना पाहिलं आणि तो हात वर करून थेट गाडीपुढंच धावला. डावीकडच्या खिडकीतून विल्फनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, डोकं बाहेर काढलं.

"साहेब, ती नाही, मी चालवतोय गाडी."

"असं त्याला वाटतं," मेव्हिस सुया न थांबवता म्हणाली.

ही नुसती फुशारकी नव्हती बरं का. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, आणि आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. म्हणजे ड्रायव्हर बसतो दगडी कुंपणाला चिकटून. पुढं मेंढ्यांची ट्रॉली आली की त्याला दिसतात फक्त मेंढ्यांची ढुंगणं. समोरून कोण येतंय ते दिसतं उजवीकडे बसलेल्याला. त्यामुळे ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्या सगळ्या घरांत रीतच पडून गेलीय: उजवीकडच्यानं बघायचं आणि सांगायचं, डावीकडच्यानं ऐकायचं. आणि उजवीकडे बहुतेक बायकोच असते. या खुर्चीपायी संसार मोडलेत. आमच्या अमेरिकन गाड्यांच्या क्लबातल्या स्टॅन बूथची पहिली बायको 'जा, जा, अरे नको, थांब, अगंबाई' असं एका दमात म्हणायची. दुसरी त्यानं गाडीत बसवून, पारखून आणली असं लोक म्हणतात, आणि स्टॅन ते नाकारत नाही.

मेव्हिसचे शब्द दोनच. 'थांब' आणि 'जा'. मध्ये काही नाही. तिनं 'जा' म्हटलं की विल्फ पाय खाली दाबायचा. स्वतः मान वाकडी करून बघायचासुद्धा नाही. क्लबातल्या एकानं त्याला त्यावरून छेडलं होतं.

"अरे, निदान एकदा डोकावून तरी बघत जा!"

"मी कशाला बघू?" विल्फ म्हणाला. "तिनं बघितलंय ना."

हे मेव्हिसनं मागून ऐकलं. त्या दिवशी तिला जो आनंद झाला तो लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, आणि हे ती विल्फच्या तोंडावर सांगायची.

तिचा डोळा मुळातच नामी. मिल चालू होती तोवर ती कापड तपासायच्या कामावर होती. तिरक्या टेबलावरून तागा सरकत जायचा आणि ती तुटलेला धागा, गाठ, तेलाचा ठिपका चालत्या कापडात पकडायची. भलेभले विणकर तिच्या टेबलाजवळून जाताना टोपी सारखी करायचे. मग मिल बंद पडली, माग भंगारात गेले, आणि त्याच सुमारास विल्फनं मायदेशी परत निघालेल्या एका अमेरिकन हवाई सैनिकाकडून ही गाडी घेतली. डॉज चॅलेंजर, सत्तर सालची. तिचं नाव डचेस ठेवलं मेव्हिसनं. "एक टेबल गेलं, दुसरं आलं," असं म्हणून ती उजवीकडे जाऊन बसली, ती आजतागायत. स्वतः तिनं परवाना कधी काढलाच नाही. "मी गाडी चालवत नाही," ती सांगते, "मी गाडी पुढं काढते."

हे सगळं खरं होतं. आणि त्या सप्टेंबरपर्यंत निर्धास्तपणे खरं होतं.

सप्टेंबरमध्ये क्लबाच्या फेरीत हॉज गावाहून परत येताना, माळावरच्या लांब उतारावर, पुढं गवताच्या गासड्यांचा ट्रॅक्टर होता. ऊन उतरलेलं, काचेवर पिवळं आलेलं. मेव्हिसनं बघितलं. रस्ता रिकामा होता. म्हणजे तिला रिकामा दिसला. ती म्हणाली, "जा."

विल्फ निघाला आणि त्या पिवळ्यातून एक मोटारसायकल उगवली. विल्फनं ब्रेकवर उभं राहून गाडी पुन्हा ट्रॅक्टरच्या मागं घातली. जुने ब्रेक ते, डचेस माकडासारखी नाचली. मोटारसायकलवाला शिवी म्हणून दोन बोटं दाखवत निघून गेला.

मागच्या गाडीत स्टॅन होता. पुढच्या गावात चहाला थांबल्यावर तो तरातरा चालत आला. "काय झालं रे? वेडबीड लागलंय का?"

विल्फ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी चूक. ती 'थांब' म्हणाली होती. मीच ऐकलं नाही."

मेव्हिस शेजारी उभी होती. कपात बघत राहिली. चूक कोणाची होती ते तिला ठाऊक होतं. समोरच्या गाड्यांचे दिवे हल्ली तिला पिंजलेल्या कापसासारखे दिसायचे, लांबच्या पाट्या धुऊन गेल्यासारख्या. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. विल्फ आपल्यासाठी खोटं बोलला की त्याला खरंच 'थांब' ऐकू आलं, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या कापडातले दोष बोट ठेवून दाखवले, ती स्वतःच्या डोळ्याबद्दल मूग गिळून बसली.

हिवाळ्यात डचेस उघडायची ठरली. इंजिन तेल प्यायला लागलं होतं आणि त्या प्रसंगानंतर ब्रेकवरही कोणाचा विश्वास राहिला नव्हता. काम डेझकडे. डेझ ओग्डेन म्हणजे विल्फच्या खाणीतल्या जुन्या जोडीदाराचा मुलगा, आता चाळिशीला आलेला. कालव्याकाठी त्याची स्वतःची शेड आहे. हात सोन्याचा, पण तोंडाला कुलूप नाही. या दोघांना तो लहानपणापासून काका आणि मावशी म्हणतो.

रविवारी दुपारी तिघं हार्टलींच्या स्वयंपाकघरात बसायचे. चहाची किटली, पार्किनचा, म्हणजे आल्याच्या केकचा, डबा, आणि सुट्या भागांचे जाडजूड कॅटलॉग. अशी गाडी घेणं सोपं असतं हो. ती आमच्या पावसात, आमच्या बोळांत आणि आमच्या वळणांवर कशी ठेवायची, खरी अक्कल तिथं लागते. तिकडे ती बनवली सरळ, रुंद, कोरड्या रस्त्यांसाठी. इथं दर दोन मिनिटांनी चौकातलं गोल बेट, आणि दोन भिंतींच्या मध्ये एवढीशी गल्ली.

"आधी इंजिन," डेझ म्हणाला. "काका, नवीन घाला. कॉम्प्युटरवालं. किल्ली फिरवली की सुरू, पेट्रोल कमी, कटकट नाही."

"मग हिला घरी कशाला ठेवू? भाजी आणायची गाडी आहे ना दारात," विल्फ म्हणाला. त्याला सगळ्यांत मोठं हवं होतं, बॉनेटखाली जेमतेम मावणारं.

"आणि नाक जड झालं की सेटल गावाच्या वळणावर कोण वळवणार? तुझा बाप?" मेव्हिसनं विचारलं. "तुला डावीकडून कळत नाही. मला उजवीकडून कळतं, ती आत्ताच वळणाच्या बाहेर कशी सरकते ते."

विल्फनं तोंड वाकडं केलं, पण पान उलटलं. शेवटी ठरलं ते डचेसच्याच घराण्यातलं, मूळच्यापेक्षा थोरलं पण अवाढव्य नाही असं इंजिन, जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरसकट. नीट बांधलं तर चारशे घोड्यांची ताकद देईल, डेझनं शब्द दिला. पुढं डिस्क ब्रेक, यावर वादच नव्हता. स्टिअरिंग कमी फिरवून जास्त वळेल असं. मागचे इंडिकेटर अमेरिकेत लाल लुकलुकतात, इथं नारिंगी लागतात. लोक त्यासाठी मागं भलतेसलते दिवे चिकटवतात आणि गाडीचा चेहरा घालवतात. डेझनं ते रिव्हर्सच्या पांढऱ्या काचांच्या आत लपवायचं कबूल केलं. हीटर चांगला. दारांना नवीन रबर, कारण डचेसमध्ये पाऊस बाहेरच्याइतकाच पडायचा.

रंगावरून मात्र जुंपली. विल्फला जांभळा हवा होता.

"साठी उलटली तुझी," मेव्हिस म्हणाली. "जांभळ्या गाडीतून उतरलास तर लोक विचारतील, सर्कस कुठं लागलीय."

"फॅक्टरीचाच रंग आहे तो!"

"असेल. हिरवी ती हिरवीच राहील."

हिरवी राहिली. मग विल्फनं चहाचा घोट घेऊन एकदम मऊ आवाजात विचारलं, "तुझ्या खुर्चीचं काय करायचं? जरा उंच करू या का? बघायला बरं पडेल."

मेव्हिसनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. नवऱ्यानं कधी नव्हे ते विचारलं होतं आणि नेमकं तेच विचारलं होतं. "माझी खुर्ची ठीक आहे," ती तुटकपणे म्हणाली आणि भांडी धुवायला उठली.

जानेवारीत ती शेडमध्ये बेकन-पाव द्यायला गेली तेव्हा डचेस नुसती कवटी होऊन पडली होती. इंजिन नाही, दारं नाहीत. डेझ पत्र्यावर खडूनं काहीतरी आखत होता. उजव्या बाजूला, जिथं तिचे पाय असायचे त्याच्या पुढं, एक गोल आखलेला होता.

"हे काय रे?"

"स्टिअरिंगचं भोक," डेझ पाव चावत म्हणाला. मग चावणं थांबलं. "काकांनी सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"मावशी, तुम्ही काकांनाच..."

"डेझ, तुझं लंगोट बदललंय मी. काय सांगितलं नाही?"

डेझनं मान खाली घातली. "स्टिअरिंग उजवीकडे घ्यायचंय म्हणाले. काका म्हणाले, मला हल्ली ऐकायचं भान राहत नाही, सप्टेंबरमध्ये मावशीनं थांब म्हटलं तरी गेलो. उद्या कोणाचा जीव जाईल. त्यापेक्षा मीच उजवीकडे बसतो, माझं मी बघतो." त्यानं खडू खिशात टाकला. "पण मला म्हणाले, आखून ठेव, कापू नको. तिच्याशी बोलल्याशिवाय कापू नको."

मेव्हिस त्या कवटीत चढली आणि खुर्ची नव्हती म्हणून नुसत्या पत्र्यावर बसली, उजवीकडे. रागानं तिचे कान तापले होते. म्हणजे मी डावीकडे, कुंपणापाशी. भिंती मोजत. मांडीवर डबा घेऊन फिरायला निघालेली म्हातारी. आणि त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, जे रागापेक्षा वाईट होतं. विल्फ सगळ्या जगाला सांगत सुटला होता की त्याचे कान गेले, त्याचं भान गेलं. क्लबात सांगितलं, डेझला सांगितलं. चाळीस वर्षं खाणीतली यंत्रं एका बोल्टच्या आवाजावरून ओळखणारा माणूस, आणि स्वतःला बहिरा म्हणवून घेत होता.

"मावशी, चहा घ्या," डेझ म्हणाला.

"तू पी. आणि तो खडू पूस."

घरी विल्फ शेगडीपाशी मोजे वाळवत होता. तिनं कोटही काढला नाही.

"मी 'थांब' म्हटलं नव्हतं."

विल्फ मोज्याकडे बघत राहिला.

"विल्फ हार्टली, माझ्याकडे बघ. मी 'जा' म्हटलं होतं. मला ती मोटारसायकल दिसलीच नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग एवढे महिने गावभर स्वतःचं थोबाड का फोडून घेतलंस?"

"तुझं फोडायला हवं होतं का?" त्यानं मोजा बाजूला ठेवला. "मेव्हिस, तू पूर्वी 'जा' म्हणायचीस ना, तेव्हा ते असं सुटायचं, कात्रीनं धागा कापल्यासारखं. गेली दोन वर्षं तू आधी श्वास घेतेस. मग म्हणतेस. मी दर वेळी तो श्वास ऐकतो आणि देवाचं नाव घेऊन पाय दाबतो."

"आणि तरी दाबतोस?"

"तू 'जा' म्हटल्यावर काय करणार?"

तिला तिथंच रडू फुटलं. ती रडणाऱ्यांतली नव्हे. मिल बंद झाली त्या दिवशीही तिनं डोळे पुसले नव्हते. विल्फनं तिचा कोट काढून खुंटीला लावला. नाक पुसून ती म्हणाली, "मूर्ख आहेस. मेलो असतो आपण."

"हो."

"मला विचारता येत नव्हतं तुला?"

"तुला? डोळ्याबद्दल?" विल्फ म्हणाला. "मला अजून थोडं जगायचं होतं."

दुसऱ्या आठवड्यात ती डॉक्टरकडे गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन अगदी साधं, पण सरकारी इस्पितळातली तारीख मिळाली जुलैची. तिथून ती घरी न जाता तशीच डेझच्या शेडमध्ये गेली. विल्फ आधीच तिथं होता, हातात पाना.

"स्टिअरिंग डावीकडेच राहील," तिनं जाहीर केलं. "डोळा दुरुस्त होतो. हा पत्रा एकदा कापला की कापला. पन्नास वर्षं काही कोणी हिला भोक पाडलं नाही, आणि माझ्यासाठी तर अजिबात पाडायचं नाही."

"आणि जुलैपर्यंत?" डेझनं विचारलं.

"जुलैपर्यंत मला दिसेल ते सांगीन, आणि दिसलं नाही तर तेही सांगीन. ऐकणाऱ्याचे कान शाबूत आहेत, असं कळलंय मला." मग विल्फकडे वळून म्हणाली, "आणि माझी खुर्ची चार बोटं उंच कर."

विल्फनं पाना खाली ठेवला आणि डेझकडे असा काही बघून हसला, जसं काही चारशे घोडे आत्ताच येऊन शेडमध्ये उभे राहिले.

आमच्या क्लबाची रीत अशी, की मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या गाड्या माळावरून हॉजला जातात, आणि हिवाळ्यात जी गाडी नव्यानं बांधली ती सगळ्यांच्या पुढं. पुढची गाडी जसं जाईल तसं मागच्यांनी जायचं. त्या वर्षी मान डचेसचा होता. पंचवीस-तीस गाड्या बाजारचौकात उभ्या होत्या आणि डेझनं बॉनेट उघडून ठेवलं होतं. लोक वाकून वाकून बघत होते. स्टॅन बूथनं मागचे दिवे चालूबंद करून पाहिले, नारिंगी उजेड पांढऱ्या काचेतून आला तशी त्याची भुवई वर गेली.

"चांगलं केलंय," तो म्हणाला. स्टॅनकडून एवढं म्हणजे हारतुरेच. "आता बघू, पळते कशी."

विल्फनं किल्ली फिरवली. काय तो आवाज! चौकातल्या चहाच्या दुकानाच्या काचा थरथरल्या आणि आतल्या बायका बाहेर आल्या. मेव्हिस उंच केलेल्या खुर्चीत ताठ बसली होती. आज बारीकसारीक सगळं तिच्या मनासारखं होतं. वळणावर गाडी आता बाहेर सरकत नव्हती, तिनं सांगितलं होतं तशीच वळत होती. पायाशी ऊब होती. दारातून थेंब येत नव्हता. सेटल मागं पडलं आणि रस्ता माळावर चढला.

तिथं पुढं ट्रॅक्टर लागला. मागं दुमजली ट्रॉली, मेंढ्यांनी भरलेली.

सकाळी सर येऊन गेली होती आणि आता ऊन पडलं होतं, त्यामुळे सगळा रस्ता पांढरा चमकत होता. समोर सरळ पट्टा, लांबच लांब. असाच पट्टा बघून डचेसला मोकळं सोडायचं, यासाठीच तर सगळा हिवाळा गेला होता. मागच्या सगळ्या गाड्यांनी गिअर खाली घेतलेला ऐकू आला. सगळे वाट बघत होते.

"जाऊ?" विल्फनं विचारलं. कधी विचारायचा नाही तो.

मेव्हिस बघत होती. रस्ता रिकामा होता बहुतेक. शंभरातल्या नव्वद वेळा रिकामाच असेल. त्या पांढऱ्यात काळं असं काही नव्हतं. 'जा' हा शब्द तिच्या जिभेवर येऊन थांबला होता. एवढा एक शब्द टाकला की इंजिन गरजलं असतं, मागच्यांनी हॉर्न वाजवून सलामी दिली असती, आणि संध्याकाळपर्यंत गावात तेवढीच चर्चा झाली असती. तिनं श्वास घेतला. स्वतःचाच श्वास तिला ऐकू आला.

"दिसत नाही," ती म्हणाली.

"बरं," विल्फ म्हणाला, आणि गिअर टाकून मेंढ्यांच्या मागं निवांत बसला.

थोड्या वेळानं पुन्हा पट्टा आला. "दिसत नाही." मग आणखी एक. "दिसत नाही, विल्फ." प्रत्येक वेळी तो 'बरं' म्हणाला, जणू चहात साखर नको असं सांगितलंय. मागून कोणीतरी हॉर्न मारला. मेंढ्या मागं वळून डचेसकडे बघत होत्या. ट्रॅक्टर काही वळेना, थेट हॉजच्या वेशीपर्यंत आला, आणि आमच्या क्लबातल्या सगळ्या गडगडणाऱ्या, चकचकीत गाड्या, हजारो घोड्यांची ती फौज, पायी चाललेल्या माणसाला हेवा वाटणार नाही इतक्या वेगानं गावात शिरली.

खानावळीच्या अंगणात गाड्या लागल्या न लागल्या तोच स्टॅन आला. त्याच्यामागं त्याची दुसरी बायको डॉरीन, आणि मग बाकी सगळे, हातात चहाचे कप घेऊन.

"विल्फ्या, चारशे घोडे कशाला बसवलेस रे? मेंढ्या राखायला?"

सगळे खो खो हसले. विल्फ तोंड उघडणार, एवढ्यात मेव्हिसनं त्याच्या दंडावर हात ठेवला. आता हा पुन्हा काहीतरी खोटं बोलेल आणि पुन्हा स्वतःवर घेईल, हे तिला कळलं होतं.

"तो थांबला कारण मी थांबवलं," ती म्हणाली. "मला दिसत नव्हतं. मोतीबिंदू आहेत, दोन्ही डोळ्यांत. जुलैत ऑपरेशन आहे." हसणं विरलं. ती थांबली नाही. "आणि सप्टेंबरमध्ये मी 'थांब' नाही, 'जा' म्हटलं होतं. विल्फ खोटं बोलला, आणि मी त्याला बोलू दिलं. याचे कान तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगले आहेत. चूक माझ्या डोळ्यांची होती. आता ज्याला घाई असेल त्यानं परतीच्या वाटेवर पुढं जावं. आम्ही मागून येऊ."

स्टॅन टोपी काढून डोकं खाजवू लागला. मेव्हिसची मान मात्र ताठ होती. मिलमध्ये साहेबासमोर कापडातला दोष दाखवताना असायची तशीच.

तेवढ्यात डॉरीननं कप बशीत ठेवला.

"स्टॅन," ती म्हणाली, "रागावू नकोस. मलाही लांबचं नीट दिसत नाही. झाली दोनेक वर्षं."

स्टॅनचा हात डोक्यावरच राहिला. "दोन वर्षं? मग गेल्या रविवारी त्या दुधाच्या टँकरला... तू 'जा, जा' म्हणालीस ना मला?"

"अंदाजानं म्हणाले. तुला थांब म्हटलेलं आवडत नाही."

"अगंबाई, तू पण?" मागून एक आवाज आला. तो तिसऱ्याच गाडीतल्या बाईचा होता. मग आणखी एक पुटपुटली, रात्री आपल्याला मुळीच काही दिसत नाही, पण यांना कसं सांगायचं. आणि अंगणात उभे असलेले ते सगळे नवरे, रोज बॉनेटखालच्या घोड्यांची टिमकी वाजवणारे, एकेक करून पांढरे पडत गेले. एवढी वर्षं आपण कशाच्या भरवशावर पाय दाबत होतो, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. डेझ तर बाजूला जाऊन भिंतीला धरून हसत होता.

विल्फनं मेव्हिसकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता, की कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, ट्रॅक्टरला मागं टाकून ही बाई पहिली आलीय.

चहा झाला, बटाट्याचा रस्सा झाला, आणि निघायची वेळ झाली. मेव्हिसनं पुन्हा सांगितलं की पुढं जायचं असेल त्यांनी जावं. स्टॅननं डॉरीनसाठी दार उघडलं, स्वतः बसला आणि इंजिन चालू करून तसाच बसून राहिला. बाकीचेही बसून राहिले. शेवटी डचेस अंगणातून बाहेर पडली, आणि तिच्यामागं एकेक करत सगळ्या गाड्या रांगेला लागल्या.

माळावर एक सायकलवाला पुढं लागला. म्हातारा होता, चढावर डुलत डुलत चालला होता.

"दिसतंय?" विल्फनं विचारलं.

"नाही रे."

"बरं."

त्या दिवशी आमच्या क्लबात कोणीच कोणाला मागं टाकलं नाही. त्या सायकलवाल्यानं दोनदा वळून पाहिलं, तिसऱ्यांदा उतरून कडेला उभा राहिला आणि टोपी काढून सगळी मिरवणूक जाऊ दिली. मेव्हिसनं उजवीकडच्या खिडकीतून त्याला हात केला.